भाऊ, बीप वाजला!

रॅकमध्ये सर्व्हर बसवणं तासाभराचं काम. पण दिवस जातो, कारण त्या खोलीची किल्ली कुठल्या तरी साहेबांच्या खिशात असते आणि साहेब जेवायला गेलेले असतात. त्या वाट बघण्यातच किस्से जमत जातात. आमच्याकडे तर इतके झालेत की मित्र भेटले की म्हणतात, सांग ना बे, हसू येते. सांगतो. हसू येतं का ते तुम्हीच बघा.

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. तोवर एकाही सरांनी खरा सर्व्हर दाखवला नव्हता. फळ्यावर चौकोन काढायचे आणि म्हणायचे, "समजा, हा सर्व्हर." तो खरा दाखवला मनोहरभाऊंनी. सिंदी रेल्वे गावचे, वय बावन्न, बावीस वर्षं हेच काम. मी कामाला लागलो त्या दुकानाच्या बोर्डावर नाव आमच्या मालकांचं, म्हणजे सरांचं. मशीन सुरू करणार भाऊ.

*

समुद्रपूरची एक पतसंस्था. अध्यक्षांनी सर्व्हरची पूजा मांडली. नारळ रॅकच्या कडेवरच फोडायला निघाले होते, भाऊंनी हात धरला! मग झेंडूचा मोठा हार आणला आणि मशीनच्या तोंडावरच्या जाळीला घट्ट बांधला. हवा त्याच जाळीतून आत जाते. आम्ही निघालो आणि दोन तासांत फोन, मशीन तापून बंद पडली.

परत गेलो तर अध्यक्ष गंभीर. "मुहूर्त चुकला वाटते."

भाऊ हार सोडता सोडता म्हणाले, "मुहूर्त बरोबर होता सायेब. तुमी त्याचं नाक दाबलं!"

*

एका सरकारी ऑफिसात आम्ही दोन वायरी जोडून आलो. सर्व्हरला पॉवर सप्लाय दोन असतात, एक गेला तर दुसरा सांभाळतो. महिन्याभरात अर्धा तालुका दाखल्यांसाठी रांगेत उभा, कारण सर्व्हर गेला. बघतो तर एक सप्लाय जळालेला, दुसऱ्याची वायर गुंडाळून कपाटात, आणि तिच्या प्लगच्या जागी चहाची विजेची किटली!

मोठे बाबू म्हणाले, "एका मशीनले दोन प्लग काऊन? एकावर चालून राह्यली होती न."

"बाबूजी," भाऊ म्हणाले, "तुमच्याजवळ किडन्या दोन आहेत. एक काढून तिथं चहा ठेवू का?"

रांगेतले लोक हसले. बाबूंनी मात्र सरांना फोन लावून तक्रार केली, तुमचा माणूस उर्मट आहे म्हणून. सरांनी माफी मागितली. किटलीबद्दल कोणी काही बोललं नाही.

*

मग कॉलेजचा किस्सा. जड मशीन रॅकमध्ये सगळ्यात खाली बसवतात. प्राचार्यांना ते पटेना. "मुख्य सर्व्हर पायाशी? वर बसवा. मान असतो." भाऊंनी तीनदा समजावलं. चौथ्यांदा प्राचार्य म्हणाले, "मी पीएच.डी. आहे."

बसवला वर. उद्घाटनाला प्राचार्यांनी फोटोसाठी तो स्वतःच्या हातानं ड्रॉवरसारखा पुढे ओढला आणि अख्खा रॅक पुढे कलला. मी ओरडलो, "भाऊ, सरका!" प्राचार्य सरकले. संस्थेचे सचिव तर जिन्यापर्यंत सरकले! भाऊ पाठमोरे वाकून खाली स्क्रू वेचत होते. ते सरकलेच नाहीत. रॅक त्यांच्या खांद्यावर आला.

"मले सांगायचं न बे," ते खांदा धरून म्हणाले.

मी घसा फोडून सांगितलं होतं.

*

सर्व्हर रूममध्ये बोलायचं तर ओरडावं लागतं. पंख्यांचा आवाज सतत कानात. भाऊंनी एकदा सरांकडे कान झाकायला काहीतरी मागितलं होतं. सर म्हणाले, "कान झाकशील तर बीप कसा ऐकशील?" चालू होताना काही बिघडलं असलं की मशीन बीप देते, त्याबद्दल ते. त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला पिवळी हेल्मेटं दिली. वेबसाइटच्या फोटोसाठी. फोटो काढून झाल्यावर परत घेतली.

*

वर्ध्याला मी भाऊंना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षांपासून आहे हे?"

"तीस किलो," भाऊ म्हणाले. "दोघं लागते उचलाले."

डॉक्टर हसले. मग तपासलं, आणि हसायचे थांबले. म्हणाले, गेलेलं येत नाही, पण कानात यंत्र बसवा, उरलेलं कामी येईल.

बाहेर येऊन मी ते कागदावर लिहून दाखवलं. भाऊंनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "यंत्र लावलं तर सायेबाले दिसन. मंग ते मले गोडाऊनले बसवतीन, खोके मोजाले. मले मशीन चालू करू दे बावा. दुसरं मले काई येत नाई."

तेव्हापासून आमचं ठरलं. ते बटण दाबायचे आणि मशीनवर तळहात ठेवायचे. पंखे फिरले की हाताला कळायचं. बीप हाताला कळत नाही. तो मी ऐकायचो आणि त्यांच्या पाठीवर बोटानं टकटक करायचो. बीप वाजला भाऊ, एकदा. बीप वाजला भाऊ, दोनदा. ते लगेच सांगायचे, मेमरीची कुठली पट्टी नीट बसली नाही. एकदाही चुकले नाहीत.

सात महिने असं चाललं. सरांना पत्ता नव्हता. बावीस वर्षांत ते कधी मशीनच्या जवळ उभे राहिले असते तर लागला असता.

*

आणि मग पुलगावचं हॉस्पिटल. कोणीतरी सरांच्या कानात घातलंच होतं. गाडीत भाऊ पुढे, मी आणि सर मागे. सर साध्या आवाजात मला म्हणाले, "आज मी समोर उभा राहून पाहतो. खरं निघालं तर उद्यापासून गोडाऊन." भाऊ जेमतेम हातभर अंतरावर पुढे बसले होते. खिडकीतून कपाशी बघत होते.

पोचल्यावर मी मोबाईलवर टाईप करून दाखवलं: सर पाहायला आले आहेत. एक शब्द बोलू नका. मी बोलतो.

भाऊंनी मान हलवली.

आणि सगळं जमलं! रॅकच्या पट्ट्या बसल्या, मशीन सरळ आत गेली, दोन्ही वायरी लागल्या, हिरवे दिवे आले. सर काही विचारायला लागले की मी मध्ये घुसून उत्तर द्यायचो. भाऊ नुसते हसायचे. सर घड्याळ बघायला लागले. मी मनात म्हटलं, सुटलो.

भाऊंनी बटण दाबलं. काही मशीनचे पंखे सुरुवातीला पूर्ण वेगानं सुटतात. ही तशी होती. विमान उठावं तसा आवाज! हॉस्पिटलचे अकाउंटंट दाराबाहेर पळाले. सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. मी पण.

सर बघत होते म्हणून भाऊंनी त्या वेळी मशीनवर हात ठेवला नव्हता. त्यांनी बाजूला ठेवलेला रुमाल घेतला, घाम पुसला, काम फत्ते झाल्यासारखे आमच्याकडे वळले आणि खुशीत सरांना म्हणाले,

"यावेळेस कंपनीनं मशीन मस्त पाठवली सायेब. आवाजच नाई!"