पितरपाठात थांबवलेलं पाकीट

परतूरला मी लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून देतो. आजवर जे कुणाला सांगितलं न्हाई ते लिहितो.

आमच्या गल्लीतल्या एका बाईंचं रिटर्न मी भरलं. नवरा वारलेला. त्याच्या पश्चात बँकेतल्या ठेवीवर टॅक्स कापला गेला होता, तो परत आला की मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. बाईंचा मोबाइल आधारला जोडलेला नव्हता, ओटीपी येईना, म्हणून सही केलेला कागद पोस्टानं बेंगळुरूला पाठवायचा. रिटर्न भरल्यापासून तीस दिवसांत तो पोचला न्हाई तर रिटर्न रद्द.

चार दिवसांनी सही करून बाई म्हणाल्या, "भाऊ, पितरपाठ लागलाय. यांच्या पैशाचा कागद हाय, आत्ता नका टाकू. घट बसले की टाका."

नियम मला बराबर ठाऊक होता. तरी मी हो म्हणालो आणि पाकीट खणात ठेवलं. घट बसले, मी विसरलो. खंडेनवमीला कॉम्प्युटरच्या पूजेसाठी टेबल पुसलं तेव्हा पाकीट सापडलं. अठ्ठाविसावा दिवस. पोस्ट बंद झालेलं, पुढं दसऱ्याची सुट्टी. पोस्ट उघडल्यावर टाकलं, पोचणार न्हाई हे माहीत असून.

रद्द झाल्याचा मेसेज माझ्याच मोबाइलवर आला. बाई आठवड्याला येऊन विचारायच्या. एकदा तोंडातून निघून गेलं, "पोस्टात हरवलं असंल."

झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोस्टमनला भर गल्लीत धरलं. "माझ्या पोरीचा कागद कुठं फेकला?"

"वहिनी, बाहेर जाणारं टपाल माझ्याकडं येतच न्हाई."

"मंग काय करून राह्यले तुम्ही दिवसभर?"

मी दुकानात मान खाली घालून बसलो होतो. तेव्हापासून तो माणूस त्यांच्या दारात पाण्यालाही थांबेना.

डिसेंबर संपत आला. महिनाअखेरीच्या आत नवं रिटर्न भरायचं, पुन्हा सही घ्यायची. न्हाईतर पैसे अडकले. एक सही राहिली, असं सांगितलं असतं तर बाईंनी विचारलंही नसतं. दोन रात्री मी तेच ठरवलं. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन गेलो आणि सगळं सांगून टाकलं. उशिराचा दंड मी भरतो म्हणालो.

बाईंनी आधी सही केली. मग म्हणाल्या, "पितरपाठाचं मीच बोलले, ते माझं. पण त्या माणसाला मी काय काय बोलले, भाऊ, आन् तुम्ही बसून ऐकलं."

त्यांनी चपला घातल्या आणि पोस्टाच्या दिशेनं निघाल्या. मला बसा म्हणाल्या न्हाईत, चला पण न्हाई. मी मागं मागं गेलो.