शिशाच्या पत्र्याला लावलेली हळद

मी चौथी नापास. पण शिळफाट्याजवळच्या कारखान्यात उभं आयुष्य पत्रे काढले, आणि माझ्या पत्र्याची जाडी कुणी दोनदा मोजली नाही. मुलगी अणूवर पीएच.डी. करत होती. तिला पोस्टकार्डापेक्षा जरा जाड, शुद्ध शिशाचा पत्रा हवा होता. मीच म्हटलं, "दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाय."

तिनं ओट्यावर बसून मला सगळं समजावलं होतं. काही अणूंच्या गाभ्यात एखादा न्यूट्रॉन लांबवर, सैलसा रेंगाळत असतो. असा गाभा शिशाच्या अगदी जवळून, पण न धडकवता, जोरात न्यायचा. शिशातली वीज बाकीच्या गाभ्याला ढकलते, न्यूट्रॉनला नाही. दोघांची ताटातूट होते. ती किती सहज होते, ते मोजायचं. तिच्या भाषेत द्विध्रुवी संक्रमणाची ताकद.

"मग मोजा की. त्यात काय एवढं?"

"आबा, काही गाभे धडकूनही फुटतात. ते वेगळे काढावे लागतात. शिशात दुसरं काही शिरलं तर कशानं काय फुटलं, कळतच नाही."

"माझ्या शिशात काय शिरणार गं?"

मालकाला विचारून जुन्या रोलमध्ये शिसं दाबून पत्रा काढला. दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्यात दसऱ्याला कोयत्यापासून पान्ह्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. लेकीचा पत्रा कसा सोडायचा? तेलात कालवलेल्या हळदीचं बोट लावलं. मग पुसलं, तर डाग राहिला. तो जावा म्हणून पत्रा पुन्हा एकदा रोलमधून काढला. डाग दिसेनासा झाला. मऊ शिशात तो आत दाबला गेला असणार, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं.

पत्रा घेऊन ती परदेशी गेली. किती वर्षं वाट बघून तिथल्या यंत्रावर तिला पाच दिवस मिळाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"आबा, पत्र्यात शिशापेक्षा हलकं काहीतरी शिरलंय असं वाटतंय. काही लावलं होतं का? मी रागावणार नाय. दुसरा पत्रा हाय इथं. पण बदलायला यंत्र उघडावं लागतं, अख्खा दिवस जातो. नुसत्या संशयावर हे लोक उघडणार नाहीत. खरं सांगा."

बायको शेजारी तांदूळ निवडत होती. हळद लावताना तिनं मला पाहिलं होतं. तिचा हात थांबला.

"माझ्या हातच्या पत्र्यात खोट निघत नाय," मी म्हटलं. "तुमचं यंत्रच बघा."

"नक्की ना?"

"एकदा सांगितलं ना!"

उरलेले दिवस त्यांनी यंत्रच बघितलं. जे आकडे हाती आले, ते कशाचे हेच सांगता येईना. पुन्हा वेळ मिळाला नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली, पीएच.डी. अर्धीच राहिली आणि ती घरी आली.

बरेच महिने गेल्यावर जेवताना एकदा मी म्हटलं, "दसऱ्याला त्या पत्र्याला जरा हळद लावली होती."

"माहीत हाय," ती म्हणाली. "आल्या आल्या तुकडा तपासून घेतला."

"मग बोलली का नाय?"

"तुमी सांगाल, म्हणून थांबले." तिनं आमटी वाढून घेतली.

आता ती शेलू गावात दहावीच्या शिकवण्या घेते. 'चुकलं' हा शब्द अजून माझ्या तोंडून निघालेला नाही. ती त्याची वाटही बघत नाही.