बर्फाखालचा डोंगर

पिशोरच्या मल्हाररावांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. दोन हजार बाराच्या दुष्काळात चारा संपला, तेव्हा कळप विकून त्यांनी बायको राजाबाई आणि लेक अंबिकासह शहर गाठलं. शहराच्या कडेच्या सातारा परिसरात जिकडं तिकडं इमारती उठत होत्या. एक पुरी झाली की दुसरीवर, असे ते वॉचमन म्हणून राहिले. पत्र्याच्या खोलीत अभ्यास करून अंबिका भूगर्भशास्त्र शिकली आणि पुढं थेट आइसलँडला गेली, बर्फाखालचे ज्वालामुखी अभ्यासायला. पोरगी थट्टा करते, असंच मल्हाररावांना वाटलं होतं.

मग एके दिवशी टीव्हीवर दिसलं. तिथं बर्फाखाली आग उसळली होती, पुरानं पूल वाहून नेला होता. अंबिकाचा फोन लागेना. राजाबाईनं जेवण सोडलं. मल्हारराव फाटकाशी बसले होते, तरी पाण्याचा टँकर हॉर्न वाजवून माघारी गेला, त्यांना ऐकूच आला नाही.

शेवटी तिचाच व्हिडिओ कॉल आला.

"आबा, टॉवर बंद होता. आम्ही लई उंचावर होतो, समदे बरे हाव."

मल्हारराव म्हणाले, "बर्फाखाली आग राहती कशी, ते सांग आधी."

"खालून लाव्हा आला की बर्फ वितळतो, आतच तळं होतं. त्या पाण्यात लाव्हा पटकन थिजतो, उशांसारखे गोळे होतात. ढीग वाढून वरच्या पाण्याचा भार कमी झाला की वाफेचे स्फोट व्हतात, दगडाचा काचेसारखा चुरा पडतो. डोंगर पाण्यावर आला, की लाव्हा वर पसरतो, माथा सपाट व्हतो. आन् साठलेलं पाणी बर्फाला उचलून निसटलं, की पूर."

"सपाट म्हंजी आपल्या पिशोरकडच्या डोंगरावानी?"

"दिसायला तसाच. पण आपल्याकडं बर्फ नव्हता, आबा. लाव्हाचे थरावर थर साचले, मग पावसापाण्यानं कोरले."

राजाबाईनं फोन ओढून घेतला. "बास झालं. घरी ये."

"आये, काम अजून दोन वर्षांचं हाय."

मल्हाररावांनी फोन परत घेतला. चारा दिसेल तिकडं ते स्वतः महिनोन्महिने जात, तेव्हा त्यांची आईही अशीच वाट बघत असायची.

"राह्य," ते म्हणाले. "पण आग लागायच्या आधी फोन कर."

"आधी नेमकं कळत नाय, आबा. जमीन हादरती, तेवढंच."

"मंग हादरली की कर."

आता बारीक हादरा बसला तरी अंबिकाचा फोन येतो. राजाबाई अजून घरी ये म्हणते. मल्हारराव विचारतात, बर्फाखालचं पाणी कुठवर आलं?