माझ्या नावाची मूठ

पाचोऱ्यात मला ज्यांनी घराबाहेर काढलं, त्या आमच्या शेजारच्या अक्का. आधी त्यांना नमस्कार करते, मग पुढचं सांगते. कारण पुढे जे जे घडलं ते त्यांनी आमच्या दाराची कडी वाजवली म्हणून घडलं.

कडी त्या हाताने वाजवत नसत. पिशवीच्या बंदाला घराची किल्ली बांधलेली असे, तिनेच टकटक करत. आत यायचं नाही, बसायचं नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणायचं, "चाल वो माय, चप्पल घाल." कुठे जायचं ते विचारलं तर सांगत नसत. उलट मलाच विचारत, "घर काय पयी जाई?" म्हणजे घर काय पळून जाणार आहे?

मी सावंतवाडीकडच्या किनाऱ्यावरची. आठवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि थेट इथे आले. नवरा शेतात ठिबकच्या नळ्या बसवायचं काम करतो. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. दिवसभर मी आणि ती एक खोली. मला सगळ्याचीच भीती वाटायची. उन्हाची, बसची, माणसांची. माझे हेल ऐकून कोणी हसेल म्हणून दुकानात मी बोटाने दाखवून वस्तू घ्यायचे. मीठ मागायला बोट पुरतं, पण हिंग मागायचा कसा? म्हणून कितीतरी दिवस आमची डाळ बिनहिंगाची झाली.

हे अक्कांना कसं कळलं कोण जाणे. एकदा किल्ली वाजली आणि हातात हिंगाची डबी ठेवून त्या म्हणाल्या, "आते चप्पल घाल." मी घातली.

तुमच्याही गल्लीत अशी कोणीतरी असेल, नीट बघा. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा नाशिकला नोकरीत, मुलगी धुळ्याला दिलेली, यजमान आबा गेल्यापासून शेती बघायला धाकटे दीर नाना. कोणी म्हणेल, बाईने आता जपमाळ घेऊन बसावं. पण अक्कांच्या पायाला चाकं. निघताना सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून त्या विचारायच्या, "बठ्ठा उनात का?" सगळे आले का? आम्ही दोघीच असलो तरी विचारायच्या.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला आधी शेतात नेलं. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली. मी तिखटाला भ्यायले तर म्हणाल्या, मासे खाणाऱ्या बाईने वांग्याला भ्यावं काय. मग मार्गशीर्षात पद्मालयाच्या गणपतीला निघालो. अक्का, गल्लीतल्या तीन बायका आणि मी. तळ्यातली कमळं बघण्यात वेळ कसा गेला कळलं नाही. बाहेर येऊन पाहतो तर थांबतो म्हणालेला रिक्षावाला निघून गेलेला.

मी अक्कांच्या पिशवीचा बंद धरला. अनोळखी रस्ता, ऊन उतरायला लागलेलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि इतकंच म्हणाल्या, "मी शे ना." मी आहे ना. मग त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पाचोऱ्याच्या जिनिंगकडे चाललेला कापसाचा ट्रॅक्टर आला. त्यांनी हात केला तो वाहतूक पोलिसासारखा. ट्रॅक्टरवाला थांबला, नाही तर करणार काय?

ट्रॉलीवर चढणं म्हणजे एक मोहीमच झाली. अक्का खालून ढकलतायत, वरची बाई ओढतेय, आणि मी मधे लोंबकळतेय. एकदाच्या चढलो आणि कमरेपर्यंत आत गेलो. कापूस इतका ऊबदार असतो हे मला माहीतच नव्हतं. ट्रॅक्टरवाला ओरडला, वर नाचू नका, माल सांडेल. अक्का वरून म्हणाल्या, "तुना कापूस दाबी देतस आम्ही, उलटा च्या पाज." आणि खरंच, वाटेत त्याने चहा पाजला.

उंचावरून दोन्ही बाजूंची पांढरी शेतं दिसत होती. वारा आला की सगळं एकदम हलायचं. मला आमचा समुद्र आठवला. रडू न येता आठवला, असं पहिल्यांदाच झालं. मी अक्कांना सांगत सुटले: लाट कशी येते, पायाखालची वाळू कशी सरकते, पाणी कसं आभाळाला जाऊन टेकतं. इतकं मी त्या गावात आजवर कोणाशीच बोलले नव्हते. अक्का डोळे मोठे करून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इतलं पानी, आनि पेवाले नही?" त्यांना ते काही केल्या पटेना. घरी येईपर्यंत त्या समुद्राला नावं ठेवत होत्या.

दारात नवऱ्याने मला पाहिलं आणि तो हसतच बसला. केसांत, भुवयांत, पदरावर, सगळीकडे कापूस. म्हणाला, सकाळी तरणी गेलीस आणि म्हातारी होऊन आलीस की.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात. भाऊ न्यायला जातो, झाडांना झोके बांधतात. गल्लीतल्या मुली यायला लागल्या तशी मी दार लावून घेतलं. माझं माहेर दोनशे कोस, कोण न्यायला येणार? तेवढ्यात बाहेर मोटारसायकल वाजली. दार उघडलं तर मोठ्या मिशांचे नाना, डोक्याला फेटा, चेहरा कसायाकडे नेलेल्या बोकडासारखा. अक्कांचं घर आमच्या भिंतीला लागून. तरी मला मागे बसवून नानांनी गल्लीला पूर्ण वळसा घातला आणि पलीकडच्या दारात उतरवलं. उतरताना एवढंच म्हणाले, "वहिनीनं सांगेल व्हतं." अक्कांची लेक आणि मी एका झोक्यावर बसलो. मी इतकी उंच गेले की खालच्या बायका ओरडायला लागल्या.

एवढं सगळं असूनही मी मनातून रुजले नव्हते. वैशाखातल्या उन्हाने मी आजारी पडले. आई फोनवर रोज रडायची, परत या म्हणायची. नवऱ्याला तिकडच्या एका रोपवाटिकेत काम मिळत होतं. माझे हाल बघून त्याने ठरवलं, श्रावणात निघायचं. त्याने कामाच्या मालकालाही सांगितलं. अक्कांना मात्र सांगायचं धाडस मला झालं नाही. सामानाची गाठोडी बांधून मी पलंगाखाली सारली.

श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, नथ घातलेली, दागिन्यांनी सजवलेली. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, अक्कांच्या घरी एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घेतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. म्हणून भाऊबंद जिथे असतील तिथून येतात. त्या दिवशीही धुळ्याहून, नाशिकहून आले होते. मी बाहेरची, म्हणून ओट्यावर बसून दारातून बघत होते.

अक्का एकेकाचं नाव घेऊन सुपात मूठ सोडत होत्या. नाना, नानांची मुलं, स्वतःचा मुलगा, सून, नातवंडं. नावं संपली. तरी अक्कांचा हात पुन्हा गव्हात गेला आणि तोंडातून निघालं, "आनि मनी कोकनी." आणि माझी कोकणी, म्हणजे मी.

मूठ सुपात पडली. सगळ्यांच्या माना सुपाकडे वळल्या.

नाना म्हणाले, "वहिनी, ह्या आपला भाऊबंद कव्हय व्हयनात?" म्हणजे मी त्यांची भाऊबंद कधी झाले?

"आत्तेच," अक्का म्हणाल्या.

अक्कांच्या एका म्हाताऱ्या चुलत सासूबाईंनी कपाळाला हात लावला. देवीच्या नावाने पडलेले गहू परत काढता येत नाहीत. ज्याच्या नावाची मूठ, त्याने रोट संपेपर्यंत इथेच जेवायचं, आणि दर वर्षी कानबाईला यायचंच. आता या परक्या पोरीचं काय करायचं? अक्का म्हणाल्या, चुकून तोंडातून निघालं. मग नानांकडे वळून त्यांनी विचारलं, "आखाजीले इले लेवाले कोन गयथा?" हिला न्यायला कोण गेलं होतं?

नाना मिशीवर हात फिरवत राहिले. मी उठून पळायच्या बेतात होते. माझ्यामुळे त्या घरात वाद नको होता. तेवढ्यात नाना म्हणाले, "मंग इना धनीनी बी मूठ टाक. एकली काय रोट खाई?"

अक्कांनी आमच्या पलंगाखालची गाठोडी पाहिली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी मी ती गाठोडी सोडली. नवऱ्याने दोरी गुंडाळून ठेवली आणि मालकाला जाऊन सांगितलं, आम्ही राहतोय. सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई नदीवर निघाली. मी, हिंग मागायला भिणारी बाई, भर रस्त्यात फुगडी खेळले. समोर अक्का, गरगर फिरतायत, पदर कुठे, भान कुठे. मला आठवतं, मी मोठमोठ्याने हसत होते आणि कोणी माझे हेल ऐकतंय का याचा विचारही मनात आला नाही.

आता अक्का नाशिकला मुलाकडे असतात. फिरून फिरून गुडघे गेले, एकाचं ऑपरेशन झालं. यंदा कानबाईला डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. शेजारच्या घराला कुलूप नव्हतं, माणसांनी भरलेलं होतं, तरी मला ते रिकामंच वाटत होतं. नानांनी सूप माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, वहिनीची मूठ तू टाक. मी नाव घेऊन टाकली.

तेवढ्यात त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बठ्ठा उनात का?"

मी म्हटलं, "तुम्ही सोडून बठ्ठा उनात."

त्यांनी विचारलं, "मनी मूठ टाकी का?"

"टाकी."

"मंग मी उनू ना." मग मी आलेच ना.

अक्का, तुमचं हे कसं फेडायचं ते मी ठरवलं आहे. गुडघा बरा होऊ दे. मी नाशिकला येणार, पिशवीच्या बंदाला किल्ली बांधून तुमच्या दाराची कडी वाजवणार. कुठे ते सांगणार नाही. चला, चप्पल घाला, एवढंच म्हणणार. आणि आमच्या गावच्या किनाऱ्यावर, जिथे वाळू सुरू होते, तिथे तुमचा हात धरून सांगणार, अक्का, आता चप्पल काढा. मी शे ना.