ऑल्डनबीची फळी

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थ शहरापासून चाळीस मिनिटांवर ऑल्डनबी नावाची अकरा घरांची वस्ती आहे. लातूरकडच्या एका खेड्यातून आलेली धम्मदीना गायसमुद्रे तिथे नऊ वर्षांपासून राहते. शहरातल्या संशोधन संस्थेत ती गवताचे बियाणे तपासते आणि वस्तीच्या सभागृहाचे चिटणीसपद सांभाळते. यंदा सभागृहाला शंभर वर्षे होत असल्याने दारावरची फळी बदलायची ठरली. मजकुराचे काम तिच्याकडे आले.

जुन्या फळीवर होते : ‘पहिला रहिवासी विल्यम टॅपर याने आपल्या इंग्लंडमधील जन्मगावाचे नाव या वस्तीला दिले.’ विल्यमचा पणतू केन एक्याऐंशी वर्षांचा. धम्मदीनाच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात त्याने न विचारता तिच्या दारात लाकडे रचून ठेवली होती. फळीवरची गोष्ट तो प्रत्येक पाहुण्याला सांगे.

तारखा पडताळण्यासाठी तिने इंग्लंडहून विल्यम आणि त्याची बायको एलेन यांच्या जन्मनोंदी मागवल्या. विल्यम निघाला लंडनचा. ऑल्डनबीत जन्मली होती ती एलेन.

कागद आठवडाभर पिशवीतच राहिले. जुना मजकूर उतरवून दिला असता तर कोणी विचारले नसते. खरे सांगून केन दुरावला, तर या वस्तीत तिचे म्हणावे असे कोण उरणार होते? शनिवारी ती त्याच्याकडे गेलीच.

“किया ओरा, दीना! तोंड का उतरलंय? मेंढी मेली का कुणाची?”

“आधी हे वाच.”

त्याने दोनदा वाचले. “म्हणजे जन्मभर मी थापा मारतोय?”

“गाव बरोबर होतं, केन. माणूस चुकला.”

मग तिने सांगितले, की आमच्याकडे बाईच्या जन्मघराला वेगळा शब्द आहे, माहेर. लग्नानंतर ती तिथे चार दिवस विसाव्याला जाते. एलेनचे माहेर तीन महिन्यांच्या बोटप्रवासापलीकडे राहिले होते.

“विल्यम म्हाताऱ्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती म्हणतात. हिने त्याच्याकडून हे कसं करवून घेतलं?”

“ते नोंदीत नाही.”

केन उठून शेडमध्ये गेला. बराच वेळ आला नाही. धम्मदीनाने पिशवी उचलली, तेवढ्यात तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर आला.

“जुनी फळी मी शेडमध्ये लावणार. तिथे बसून म्हातारा हवं ते खोटं बोलू दे.”

समारंभाच्या दिवशी नव्या फळीखाली तो पाहुण्यांना सांगत होता, “माझ्या पणजीने तीन दिवस चूल पेटवली नाही, तेव्हा कुठे नाव ठरलं.”

“ते नोंदीत नाही,” धम्मदीना मागून म्हणाली.

“चिटणीसबाई, चहाचं बघा,” केन म्हणाला.