सायलीच्या मागं दवाखान्यात

आमची सायली हाताबाहेर गेली, हा शोध मला तिचा डबा धुवायला काढताना लागला.

दप्तरात डब्याखाली सरकारी दवाखान्याचं कार्ड होतं. ‘किशोरवयीन सल्ला विभाग. बुधवार, सकाळी अकरा.’ अकरावीतली पोरगी, आईला न सांगता दवाखान्यात! कार्ड घेऊन मी थेट जाऊबाईंकडं गेले. (हीच मोठी चूक. त्यांना कुणी शिंकलं म्हणून सांगा, त्या तेराव्याचा स्वयंपाक ठरवतात!)

“सल्ला?” जाऊबाईंनी डोळे मोठे केले. “चांगल्या पोरीला सल्ला कशाला लागंल? भानगड हाय!”

“न्हाई वो, आपली सायली तशी न्हाई.”

“समद्या आया असंच म्हनत्यात!”

बुधवारी सायली ‘कॉलेजला जाते’ म्हणून देवळालीहून राहुरीला निघाली. मागच्या रिक्षात मी. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर ह्यांचा गॉगल. निघताना आरशात मी मलाच ओळखलं नव्हतं, म्हणजे बेत फक्कड!

दवाखान्यात सायली सल्ल्याच्या खोलीत शिरली. मी बाहेर बाकावर बसले, तो नेमका तपासणीचा बाक निघाला!

“चला, वजन,” नर्सबाई म्हणाल्या.

आवाज ओळखू येईल म्हणून मी गपचूप काट्यावर चढले.

“आता बोट पुढं करा.”

केलं. त्यांनी सुई टोचली आणि माझ्या तोंडून “आई गंऽऽ!” असं काही निघालं, की खोलीचं दार उघडलं.

“आई?” सायली दारात उभी. “आणि हा माझा स्कार्फ!”

सल्ला देणाऱ्या ताईंनी मला आत बसवलं. “सायली, तू सांगतेस की मी सांगू?”

“मीच सांगते,” सायली म्हणाली. “आई, पाळी आली की दहा-दहा दिवस थांबत नाही. मागच्या आठवड्यात कॉलेजच्या जिन्यात चक्कर आली. तुला सांगितलं होतं मी. तू म्हणालीस, मोबाईल कमी बघ.”

म्हणाले होते खरी. मेथी निवडता निवडता, मान वर न करता.

“तिचं रक्त कमी झालंय, नऊवर आलंय,” ताई म्हणाल्या. “डॉक्टरांनी तपासलंय. औषध सुरू केलंय. घाबरू नका, पोरगी वेळेवर आली.”

एवढंच! मला भडभडून आलं. मी गॉगलसकट रडायला लागले. “बाई, मला वाटलं...”

“काय वाटलं?” सायलीनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. (चाळीस वर्षांत एवढ्या वेगानं मी कधी खोटं बोलले नव्हते.) तिला जवळ ओढलं. तीही मुसमुसली, मग माझ्या गॉगलकडं बघून फिदीफिदी हसायला लागली.

तेवढ्यात नर्सबाई आत आल्या. “गॉगलवाल्या बाई कोण? त्यांचं रक्त आठच भरलंय! गोळ्या कशा घ्यायच्या, नीट ऐका. पेशंटबरोबर जबाबदार माणूस कोण आहे?”

सवयीनं मी हात वर केला. नर्सबाईंनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, आणि सगळ्या गोळ्या सायलीच्या हातात दिल्या!