अढीतला आंबा

पलंगाखाली गवतात आंब्यांची अढी घातली आहे आणि मी रोज वाकून एकेक आंबा अंगठ्याने दाबून पाहतो. आज एकावर माझ्या अंगठ्याएवढा काळा डाग दिसला.

"अहो, दाबून कुठे आंबा पिकतो का?" बायको म्हणाली. "पिकला की वास येतोच ना घरभर."

मी हात काढला आणि तोच हात नकळत स्वतःच्या दंडावर गेला. तिथेही माझं हेच चाललंय. रक्तात टेस्टोस्टेरॉन फार कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत. "आधी उत्साह आणि इच्छा परत येतील, तेही काही आठवड्यांनी," ते म्हणाले. "ताकद यायला महिने जातील, हाडांना त्याहून उशीर. मधून मधून रक्त तपासू. मनाने डोस वाढवायचा नाही."

मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. तेव्हापासून जणू तिथेच आहे. जिना चढलो की वाटतं, दम कमी लागला का? कुणावर चिडलो की वाटतं, हा मी की औषध? शरीर इतकी वर्षं बिनबोभाट राबत होतं, तेव्हा मी ढुंकून पाहिलं नाही. आता त्याला क्षणभर एकटं सोडवत नाही.

संध्याकाळी भांडी लावता लावता बायको थबकली.

"किती दिवसांनी शीळ घालताय!"

मी घालत होतो? मी चपापून गप्प झालो आणि लगेच दंड दाबून पाहिला.